तेवीस घरांची फळीवाट

हेतेक्युला,
रविवार, ७ जून १९७०

चि. साइमीस टाउनोचे घसघशीत आशीर्वाद. वि. वि.

तुझी फळीवाट झाली. आधी हिशेब ऐक, म्हणजे भावानं तुझ्यासाठी काय केलं असं कोणी विचारलं तर बोटावर मोजून सांगता येईल. चिडाची झाडं एकशेसाठ, ती मधोमध चिरून तीनशेवीस फळ्या. खाली आडवे ओंडके एकशे एकसष्ट. डांबराची दोन पिंपं. वाटाण्याचं सूप इतकं की आता वर्षभर घरात वाटाण्याचं नाव काढायचं नाही, असं तुझ्या वहिनीनं, आउनेनं, बजावलंय. तू पाठवलेली कॉफी चार किलो, ती संपल्यावर आमची दीड. ओइवाचा डावा बूट, जो अजून दलदलीत आहे आणि बहुतेक तिथंच राहील. माझ्या अंगठ्याचं नख. आणि माणसं तेवीस घरांची, दर घराचे दोन दिवस. एक मार्चमधला, ओंडके वाहायचा. एक मे अखेरचा, बसवायचा. पैसे म्हणशील तर एक पेनीही नाही. तालकोतीला, म्हणजे गावानं मिळून करायच्या बिनपैशाच्या कामाला, आलेला माणूस सूप पितो, कॉफी पितो, नावं ठेवतो आणि घरी जातो.

मार्चमध्ये तू असायला हवी होतीस. दलदल वरून गोठून दगड झालेली, वर गुडघाभर बर्फ. ओइवाला आपला नवा ट्रॅक्टर मिरवायचा होता. ईवारी म्हणाला, घाल बाबा घाल, याच दलदलीत बुडालेला तुझा आजा खाली वाट बघतोय, त्यालाही एकदा ट्रॅक्टरची फेरी मार. शेवटी ईवारीच्याच म्हाताऱ्या घोडीनं सगळं लाकूड ओढलं. ईवारी आता एकोणऐंशीचा आहे, कंबर सरळ होत नाही, पण दोन्ही दिवस हजर. फळी न् फळी मी माझ्या लाकूड चिरायच्या गिरणीत स्वतः ठोकून ऐकली. लाकूड आत कुजकं असेल तर त्याचा आवाज ओला येतो. माणसाचंही तसंच असतं. म्हणून तर फाटक्या खिशानं सुरुवात करून आज माझी गिरणी आहे, आणि मला विकणाऱ्याची गिरणी नाही.

लोक इतके कशानं निघाले म्हणतेस? तुझ्या पत्रानं. फेब्रुवारीचं तुझं पत्र मी दुकानात मोठ्यानं वाचून दाखवलं. यंत्रांच्या आवाजानं तुझे कान रात्रीही वाजतात, रायमो झोपेत स्वीडिशमध्ये आकडे म्हणतो, केस पांढरे व्हायच्या आत कुइक्का तळ्याच्या काठावर घर करून राहायचंय, पण दलदलीतून तिथं जाऊ कशी, हे सगळं. लेम्पीनं एप्रनच्या टोकानं डोळे पुसले आणि लगेच म्हणाली, गेली तेव्हा टोपी घालून ऐटीत गेली होती, आता आमच्यासारखी रबरी बुटात चालेल का विचारा. पण सगळ्यात आधी सूपाला भांडं आणलं ते तिनंच. शिवाय शाळेचं तुला ठाऊक आहे. बारा मुलं नसतील तर शाळा बंद, असा सरकारी कागद आलाय आणि आमच्याकडे भरतात अकरा. तुझा रायमो बारावा. मी तसं सगळ्यांना सांगितलं. माझ्या शब्दावर गाव उठलं, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

एप्रिलमध्ये तू मागितलेला कागदही मी चोख करून दिलाय हे विसरू नकोस. बाबांनी वाटणी केली तेव्हा घर, शेत, रान आणि ही दलदल मला आली आणि पलीकडचा काठ तुला. लोक म्हणायचे, साइमीला काठ दिला आणि वाट द्यायची विसरले. आता ते तोंडही बंद. माझ्या दलदलीतून साइमीला जायला वाट, असं तू लिहायला सांगितलंस. मी माझ्या डोक्यानं पुढं जोडलं, की तिच्यानंतर तो काठ ज्याचा असेल त्यालाही, कायमची. उद्या मी नसलो तरी रायमोला कोणी अडवू नये. कचेरीतला कारकून म्हणाला, इतका घट्ट कागद वकीलही करत नाहीत.

तेव्हा जूनच्या सणाला, एकोणीस तारखेला, ये. शेकोटी यंदा तुझ्या काठावर. फळीवाटेवरून सगळ्यांत पुढं तू चालायचंस असं ठरलंय.

रायमोच्या डोक्यावर माझा हात ठेव. माया आहे तेवढी ठेव. कमी पडली तर लिही, इकडून पाठवतो.

तुझा भाऊ,
टाउनो


बोरोस (स्वीडन),
शुक्रवार, १२ जून १९७०

ती. दादास साइमीचा वाकून नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं. शेजारच्या मागावरच्या बाईनं विचारलं, कोणी गेलं का? मी म्हटलं, नाही गं, वाट झाली.

किती केलंत सगळ्यांनी! काय लिहावं कळत नाही, म्हणून कामाचंच विचारते. फळ्या ओल्या असताना घसरतात का? म्हणजे ज्याला सवय नाही, शहरी बूट आहेत, अशा माणसाला जमेल का चालायला? आणि तो कागद कचेरीत नोंदवून झाला ना, शिक्क्यासकट?

सणाला मला येता येणार नाही, दादा. पाळी बदलून मिळत नाही आणि रायमोचे कानही दुखतायत. तुम्ही शेकोटी नेहमीसारखी शाळेच्या पटांगणातच करा. माझ्यासाठी एवढ्या लांब काठावर कशाला जाता? बायकांना, म्हाताऱ्यांना उगाच त्रास. लेम्पीला आणि ईवारीकाकांना सध्या एवढंच सांग की साइमी आठवण काढते. बाकी मी सवडीनं लिहीन.

आउनेवहिनीला नमस्कार. माझ्यावर रागावू नकोस, इतकंच मागते.

तुझी,
साइमी


हेतेक्युला,
सोमवार, १५ जून १९७०

चि. साइमीस आशीर्वाद, आणि एक लटकी चापटी. वि. वि.

शहरी बूट म्हणे! नऊ वर्षांत पाय इतके नाजूक झाले? तुझ्यासाठी फळ्यांवर वाळू टाकून घेतली आहे, आता राणीसारखी ये. कागद नोंदवला, शिक्का गोल आणि निळा आहे, समाधान झालं?

येत नाही हे मी दुकानात सांगितलं. कोणाचा विश्वास बसला नाही. लेम्पी म्हणाली, मला माहीत आहे तिची खोड, लहानपणीही येत नाही म्हणायची आणि सगळ्यांच्या आधी येऊन बसायची. मलाही तसंच वाटतं. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. हे अचानक येऊन चकित करणाऱ्या माणसाचं पत्र आहे. माझे कान फसत नाहीत.

आणि तू माझ्या नकळत कामालाही लागलीस! परवा काठावर गेलो तर चार खुंट्या ठोकलेल्या, डोकी लाल रंगवलेली. ईवारी वाकून बघत म्हणाला, ही मोजणीची खुंटी आहे, कोणी मोजून घेतलं रे? मी सांगितलं, घराच्या परवानगीसाठी साइमीनंच मोजणीदार बोलावला असणार, तो बोटीनं येऊन गेला असेल. ईवारी नुसता हं म्हणाला. म्हातारा झालाय, त्याला सगळ्यात काहीतरी दिसतं.

शेकोटी तुझ्या काठावरच होणार. लाकडं रचून तयार आहेत. रायमोच्या कानात कोमट तेल घाल.

वाट बघणारा, आणि वाट बांधणाराही,
टाउनो


हेतेक्युला,
रविवार, २१ जून १९७०

साइमीस,

आशीर्वाद लिहायला हात गेला होता, तो मागं घेतला. झालं ते झालं तसं लिहितो. मला सजवून लिहायची सवय आहे, पण आज ती चालणार नाही.

शुक्रवारी संध्याकाळी सहाला सगळं गाव एकामागोमाग एक फळीवाटेवरून काठावर गेलं. बायका पहिल्यांदाच कोरड्या पायानं पोचल्या. बर्चच्या डहाळ्या आणल्या होत्या, त्या तुझ्या जुन्या सौनाच्या, वाफेच्या न्हाणीघराच्या, दाराला बांधल्या. ओइवानं अकॉर्डियन काढला. शेकोटी पेटवायची तू आल्यावर, असं ठरलं होतं, म्हणून कोणी काडी ओढली नाही.

साताच्या सुमाराला झाडीमागून फळ्यांचा आवाज आला. मी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. तुला माहीत आहे माझे कान. मी ऐकलं आणि ओरडून सांगितलं, आली, साइमी आली, बरोबर पोरगं आहे आणि पोरग्यानं कुत्रं आणलंय! ओइवानं जोरात स्वागताची धून धरली. लेम्पी पुढं धावली. सगळ्यांनी टाळ्या धरल्या.

झाडीतून पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांतला एक गृहस्थ बाहेर आला. मागून त्याची बायको. कुत्रं मात्र मी बरोबर ओळखलं होतं.

त्याला वाटलं संगीत त्याच्यासाठी आहे. त्यानं टोपी काढून सगळ्यांना अभिवादन केलं. म्हणाला, मी लिंड्रूस, हेलसिंकीला दातांचा डॉक्टर आहे, असं स्वागत होईल असं वाटलं नव्हतं. म्हणाला, साइमीबाईंनी फेब्रुवारीत करार करतानाच कबूल केलं होतं की सणापर्यंत वाट तयार असेल, आणि दिवससुद्धा चुकला नाही, मोठी शब्दाची बाई. मग पिशवीतून कोन्याकची बाटली काढली आणि विचारलं, ही कामगारांसाठी आहे, कोणाकडे देऊ? एकाचाही हात पुढं झाला नाही. शेवटी त्यानं ती ओंडक्यावर ठेवली. माणूस वाईट नाही, साइमी, हेच जास्त लागलं. त्यानं अगदी नम्रपणे विचारलं, शेकोटी थोडी लांब पेटवता आली तर बरं होईल, आमच्या सौनाला ठिणगी लागायची.

आमच्या सौनाला.

ईवारीनं टोपी काढली, झटकली, परत घातली आणि वळला. त्याच्यामागं सगळे. शेकोटी न पेटवता तेवीस घरं त्याच फळ्यांवरून परत आली आणि सगळ्यांत शेवटी मी. सहाशेचाळीस मीटर मला सगळ्यांच्या पाठीच दिसत होत्या. शेवटच्या फळीवर लेम्पी थांबली आणि म्हणाली, टाउनो, ती डॉक्टरीणबाई बरी धडधाकट दिसते, तिलाच बसवूया का शाळेत, बारावी म्हणून?

डॉक्टरानं मला करार दाखवला, काल, विचारल्यावर. तारीख नऊ फेब्रुवारी. त्यात कलम आहे: दलदलीतून पायवाट, जूनच्या सणापर्यंत, विकणारीनं करून द्यायची. तुझं घरी यायचंय म्हणणारं पत्र बावीस फेब्रुवारीचं.

तुला तालकोत म्हणजे काय हे लिहून सांगावं लागेल असं कधी वाटलं नव्हतं. जळालेलं घर उभं करायला माणसं येतात, विधवेचं गवत कापायला येतात, परतणाऱ्याला वाट करायला येतात. विकायच्या मालाला रंग द्यायला येत नाहीत. तू तेवीस घरं फुकट राबवलीस आणि मुकादम मला केलंस. माझ्या तोंडून खोटं वदवलंस, दुकानात, मोठ्यानं.

उद्या सकाळी पहार घेऊन जातोय. तीनशेवीस फळ्या मी एकटा उपटीन. डॉक्टरांना पोहत जाऊ दे.

टाउनो


बोरोस,
शनिवार, २७ जून १९७०

ती. दादास नमस्कार. तू घेतला नाहीस तरी मी करते. वि. वि.

हे पत्र पोचेपर्यंत तू पहार लावली नसशील अशी आशा आहे. लावली असशील तर थांब. कोर्टात तुलाच उभं करतील. कागद आठव. तिच्यानंतर तो काठ ज्याचा असेल त्यालाही, कायमची. हे शब्द मी मागितले नव्हते, दादा. मी फक्त माझं नाव मागितलं होतं, आणि डॉक्टरांचे वकील म्हणत होते की तेवढ्यानं भागणार नाही. पुढचं तुझ्याकडून कसं लिहून घ्यावं या विचारात मी होते, तर तू आपणहून लिहून पाठवलंस, रायमोसाठी. ते वाचून मी स्वयंपाकघरात खाली बसले. पण कागद वकिलांना दिला. हे मी तुला सांगायलाच हवं.

आता माझंही ऐक. साठ साली माझा नवरा, आर्ने, गेला. रायमो तेव्हा वर्षाचा. मी तुझ्याकडे आले आणि म्हटलं, मला दुसरं काही नको, काठावरच्या सौनाच्या खोलीत मी राहते, फक्त दलदलीतून चालायला दोन फळ्या टाक. तू म्हणालास, यंदा लाकूड गिरणीच्या छपराला लागतंय, पुढच्या उन्हाळ्यात बघू. मी पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा विचारलं. तेव्हा तू म्हणालास, दलदल यंदा फार ओली आहे. ओली नसलेली दलदल कुठं असते, दादा? मग मी बोटीत बसले. तेव्हा मला कोणी टोपी घालून ऐटीत जाताना पाहिलं असेल, तर ती टोपी आर्नेच्या आईची होती, कारण माझ्याकडे टोपी नव्हती.

दोनदा मागितल्या तेव्हा दोन फळ्या मिळाल्या नाहीत. विकायचा आहे म्हटलं असतं, तर तू म्हणाला असतास, थांब, भाव येऊ दे. येतेय म्हटलं आणि तीनशेवीस फळ्या झाल्या. फेब्रुवारीच्या पत्रात मी लिहिलेलं सगळं खरं होतं. कान वाजतात, तळं आठवतं. येणार आहे, एवढंच खोटं होतं. शाळेचं बारावं मूल मी लिहिलं नव्हतं. ते तू मोजलंस.

त्या काठाच्या बदल्यात मला इथं दोन खोल्या मिळाल्यात. रायमोच्या खोलीला दार आहे. नऊ वर्षं तो पडद्याआड झोपत होता.

तू मला लिहिणं बंद करू नकोस. बाकी काही मागायचा हक्क राहिलेला नाही हे मला कळतं.

साइमी


हेतेक्युला,
रविवार, ५ जुलै १९७०

साइमीस,

पहार लावली नव्हती. सोमवारी गेलो होतो, पहिल्या फळीखाली टोक घातलंही. मग कागद आठवला आणि पहार खांद्यावर टाकून घरी आलो. आउनेनं विचारलं, इतक्यात झालं? मी म्हटलं, फळ्या फार घट्ट बसल्यात.

छपराचं तू लिहिलंस ते खरं आहे. दलदल ओली आहे हे मी म्हणालो होतो हेही मला आठवलं. तेव्हा ते शहाणपणाचं वाटलं होतं. माझ्याशी तू जे केलंस ते आपल्या दोघांत राहू दे, मी ते गिळतो, कडू आहे पण गिळतो. आता तू मला एक सांग. त्या तेवीस घरांनी तुझं काय वाईट केलं होतं? ईवारीनं तुझं छप्पर खाल्लं होतं का? लेम्पीनं तुला दोन फळ्या नाकारल्या होत्या? माझ्यावर दगड मारायचा होता, तर माझ्यावर मारायचास. तू गावाच्या आडून मारलास.

हे तुला उत्तर द्यायला लिहीत नाही. मी काय ठरवलंय ते सांगायला लिहितोय. काम माझ्या शब्दावर झालं, म्हणून ते फेडायचंही मी. घराघरात जाऊन सांगणार आहे, की तुमचे दोन दिवस खोट्यात गेले, मी दोन दिवस तुमच्याकडे राबतो, सांगाल ते काम. शेहेचाळीस दिवस होतात.

घाबरू नकोस, तेवढे काही लागायचे नाहीत. या माणसांना मी ओळखतो. तेवीसपैकी वीस जण मला कोट काढू देणार नाहीत. ओइवा हसून माझ्या पाठीत बुक्की घालील. लेम्पी अर्धा तास तोंडाचा पट्टा सोडील, मग कॉफी ओतील. आणि ईवारी, ज्यानं बाबांच्या शवपेटीला माझ्याशेजारी खांदा दिला, तो तर नुसतं विचारल्याबद्दल मला हाकलून देईल. त्याच्याकडे मी मुद्दाम सगळ्यांत शेवटी जाणार आहे, मनाला बरं वाटायला. ऑगस्टपर्यंत मी स्वच्छ तोंडानं मोकळा होईन. तुला मात्र तेवीस पत्रं लिहावी लागतील, आणि ती लिहायला तुझ्याकडे तोंड नसेल.

टाउनो


बोरोस,
रविवार, १२ जुलै १९७०

ती. दादास नमस्कार. वि. वि.

घरोघरी जाऊ नकोस. त्यांना सांग, साइमी खोटारडी निघाली, टाउनोलाही तिनंच फसवलं. ते खरं आहे आणि त्यानं तुझं नाव धुऊन निघेल. माझं नाव इथं कोणी ऐकलेलं नाही, मला काही होत नाही. हवं तर मी दर घरामागं काहीतरी पाठवते. पैसे म्हणत नाही, मला माहीत आहे ते कोणी हातात धरणार नाही. कॉफी पाठवणार होते, डबे विकतही आणले. मग वाटलं, माझी कॉफी आता तिथं कोणाच्या घशाखाली उतरेल? डबे तसेच फडताळात आहेत.

तेवीस पत्रांचं तू लिहिलंस. मी एक लिहायला बसले, लेम्पीला. तिचं नाव लिहिलं, पुढं काही सुचलं नाही. त्यांनी माझं काय वाईट केलं होतं, या तुझ्या प्रश्नाला उत्तर नाही, दादा. मी ते लिहिलं नाही म्हणून टाळलं असं समजू नकोस.

नवीन खोलीत रायमोनं दार आतून लावून घेतलं आणि तासभर उघडलंच नाही. मी बाहेर बसून होते.

शिव्या लिहिल्यास तरी चालेल, पण लिही.

साइमी


हेतेक्युला,
रविवार, ३० ऑगस्ट १९७०

साइमीस टाउनोकडून. वि. वि.

लिहिणार नव्हतो. आउने म्हणाली, तिला कळायला हवं, तुम्ही लिहीत नसाल तर मी लिहिते. आउनेच्या हाताची गोष्ट वेगळी होते, म्हणून मीच बसलो.

शाळा उघडली नाही. मास्तरीणबाई पंधरा तारखेला सामान घेऊन गेल्या. अकरा मुलं आता बसनं चर्चगावच्या शाळेत जातात, सकाळी साडेसहाला रस्त्यावर उभी असतात. त्यांच्यासमोरून कामाला जावं लागतं म्हणून मी सहालाच निघतो.

पहिला गेलो ओइवाकडे. तो हसला नाही. मी सांगितलं ते सगळं ऐकून घेतलं, बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाला, वरच्या शेतातले दगड काढायचे आहेत, मंगळवार आणि बुधवार. दोन दिवस दगड काढले. शेवटी मी गंमत केली, की तुझा बूट दलदलीत सापडला तर आणून देतो. ओइवा म्हणाला, राहू द्या, टाउनोसाहेब, मी नवीन घेतले.

हे तुला सांगायचं होतं. पन्नास वर्षं जी माणसं मला टाउन्या म्हणत आली, तालकोतीत आयमाय काढत आली, ती आता अहो-जाहो करतात. फावडं तिथं ठेवा. पाणी हवं का तुम्हाला. लेम्पीनं तोंडाचा पट्टा सोडला नाही. मी तिच्या तोंडाकडे बघत उभा राहिलो, सोड म्हणून. ती म्हणाली, गोठा बघून घ्या. दोन दिवस तिच्या गोठ्यातलं शेण काढलं. कॉफी कोणी देत नाही. कॉफी दिली की ती तालकोत होते, आणि ही तालकोत नाही, ही फेड आहे. बरोबरच आहे त्यांचं. आउने भाकरी वर्तमानपत्रात बांधून देते, दुपारी पायरीवर बसून खातो. लेम्पीच्या कोंबड्या तेवढ्या जवळ येतात.

गिरणी आठवड्यातले तीनच दिवस चालते. उरलेले दिवस मी गावाचा. वय पंचावन्न, पाठ सत्तरची झाली आहे.

तुझे डॉक्टर परवा दारात आले होते. त्यांच्या बायकोला फळीवाटेवर भीती वाटते, एका बाजूनं कठडा करून द्याल का, देऊ ते देतो म्हणाले. मी सांगितलं, कागदात कठडा नाही. त्यांना ते पटलं. शहरी माणसाला कागद लगेच पटतो.

फळ्या मात्र एकही हललेली नाही. दलदल खाली वरखाली होते, पावसात फुगते, पण वाट सरळ आहे. गावातलं कोणी तिच्यावर पाय ठेवत नाही. पिवळी लक्का फळं यंदा तिच्या दोन्ही बाजूंना दाट आली होती, हात लांबवला की ओंजळ भरावी अशी. बायका नेहमीसारख्या लांबून, रबरी बुटांनी चिखलातून गेल्या आणि दुसऱ्या टोकाची वेचून आल्या.

तू विचारलं नाहीस तरी लिहितो. मी तुला माफ केलेलं नाही. त्या छपराबद्दल तू मला केलंस का, हे मीही विचारत नाही. लेम्पीला लिहायला बसलीस त्या कागदावर नाव लिहिलेलं आहे म्हणतेस, तर पुढचं लिही. वाचणार नाही ती, पण पोस्टमन तिच्या दारात थांबलेला लोकांना दिसेल.

दार लावून घेणाऱ्या पोराला आशीर्वाद. ते त्याचे आहेत, मधल्या मधे घेऊ नकोस.

टाउनो

ता. क. पत्र बंद करायच्या आधी ईवारीकडे जाऊन आलो. बावीस घरी विचारून झालं होतं, बाविसांनीही दिवस लावून दिले होते, काही पुढच्या महिन्यातले, हा शेवटचा. दारातच उभा होता. माझं बोलणं पुरतं होऊ दिलं. मग म्हणाला, सोमवारी आणि मंगळवारी, सात वाजता, फावडं आपलं आपण आणा.